स्वीकृत म्हणजे नेमका कोणी स्वीकारलेला?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत.)

निवडणूक झाली, गुलाल धुऊन निघाला, डीजेवाल्याचे पैसे कोणी द्यायचे यावरची भांडणंही बहुतेक मिटली. अशा वेळी आपल्या गावात चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघतो. ‘स्वीकृत कोण होऊन रायलं?’ मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच विचारलं. पण कोण होणार हे मला माहीत नाही, आणि त्यात मला फारसा रसही नाही. कोणाला होता येतं, हे मात्र मी सांगू शकतो. आजचा भाग त्यावर.

बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांसाठी आधी गावाबद्दल दोन वाक्यं. मी बोलतोय धामणगाव रेल्वेहून, जिल्हा अमरावती. ‘रेल्वे’ हे आडनाव लागतं, कारण याच जिल्ह्यात अचलपूरकडे धामणगाव गढी आहे आणि बुलडाण्यात धामणगाव बढे. पत्ता अर्धा लिहिला तर पत्र भलतीकडेच जायचं. मुंबई-नागपूर लोहमार्गावर वर्धा आणि बडनेऱ्याच्या मध्ये आम्ही. जनगणनेच्या जुन्या कागदांत गावाचं नाव दत्तापूर-धामणगाव असं सापडतं. नगरपरिषद ‘क’ वर्गाची, म्हणजे लोकसंख्या 40 हजारांच्या आतली.

आता मुद्द्यावर येतो. आपण ‘स्वीकृत नगरसेवक’ म्हणतो, कायदा त्याला ‘नामनिर्देशित’ म्हणतो. शब्दातच गंमत आहे. निर्देश कोणीतरी करायचा असतो, आणि तो कशाच्या आधारावर करायचा हे कायद्यानं लिहून ठेवलंय. 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यातलं कलम 243-आर म्हणतं की नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसांना सभागृहात प्रतिनिधित्व द्यायची सोय राज्याला करता येईल. आणि लगेच पुढे अट आहे: अशा माणसाला सभेत मत देता येणार नाही. बोलता येईल, पण हात वर करता येणार नाही.

ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात नगरपालिकेत सरकारनं नेमलेले सदस्य बसायचे. 1882 च्या रिपनच्या ठरावानंतर निवडून आलेल्यांचा वाटा हळूहळू वाढत गेला. वऱ्हाडात तर मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1922 चा नगरपालिका कायदा पुढे कितीतरी वर्षं चालला, आणि 1965 चा महाराष्ट्राचा कायदा आला तेव्हा कुठे तो गेला. नेमलेल्या माणसाच्या हातात मत दिलं की काय होतं, हे त्या सगळ्या काळानं दाखवलं होतं. म्हणून घटनेनं म्हटलं, बाबा, तू ये, सांग, समजाव. निर्णय मात्र लोकांनी निवडून दिलेले घेतील.

किती जण येऊ शकतात? निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यातला कमी असेल तो आकडा. वीस नगरसेवकांचं सभागृह असेल तर दोन. फक्त दोन खुर्च्या. महापालिकांत ही मर्यादा आता दहापर्यंत नेली आहे, पण आपल्यासारख्या गावाला दोनच. आणि त्या दोनसाठी रांग किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. ज्याचं तिकीट कापलं तो रांगेत. जो पडला तोही. ज्यानं प्रचाराला गाडी दिली तो, आणि ज्यानं बंडाचा अर्ज शेवटच्या दिवशी मागे घेतला तो तर सगळ्यात पुढे.

पात्रतेसाठी वेगळे नियमच आहेत, 2010 चे. ते वाचले की मन प्रसन्न होतं. डॉक्टर चालतो, पण काही वर्षांचा व्यवसायाचा अनुभव हवा. निवृत्त प्राध्यापक, मुख्याध्यापक चालतो. सनदी लेखापाल चालतो, म्हणजे आपला सीए. बांधकामाचा अनुभव असलेला पदवीधर अभियंता, वकील, आणि ज्यानं मुख्याधिकारी म्हणून काम केलंय असा माणूस. पाहा ना, यादी करणाऱ्यानं किती विचार केलाय! नगरपालिकेचं काम म्हणजे पाणी, नाली, रस्ता, दवाखाना, शाळा, हिशेब आणि कोर्टकचेरी. या प्रत्येकातला एकेक जाणकार त्यानं दाराशी आणून उभा केला.

आणि मग शेवटचं दार येतं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या, समाजकल्याणाचं काम करणाऱ्या संस्थेचा पदाधिकारी. आता विदर्भात संस्था कोणाकडे नाही? क्रीडा मंडळ आहे, शिक्षण प्रसारक मंडळ आहे, बहुउद्देशीय संस्था तर एका गल्लीत तीन निघतील. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नाही. एकही उद्देश पूर्ण झाला नाही तरी बाकीचे शिल्लक असतात!

मी संस्थांच्या विरोधात नाही. गावातली रक्तदान शिबिरं, वाचनालयं, उन्हाळ्यातल्या पाणपोया अशाच लोकांनी चालवल्या आहेत. आणि असा माणूस सभागृहात बसला तर त्याला कोणता मोहल्ला तहानलेला आहे हे अभियंत्यापेक्षा जास्त कळतं. पण नियमानं अट घातली आहे ती कामाची आणि वर्षांची. नुसत्या लेटरहेडची नाही. पाच वर्षं याच गावाच्या हद्दीत काम केलं का, हे तपासायचं असतं. तपासतं कोण? गटनेते नावं देतात, कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर पाहिले जातात, मग विशेष सभेत नाव जाहीर होतं आणि टाळ्या पडतात. या सगळ्या प्रवासात तुम्ही-आम्ही कुठेच नसतो. ते कागद आपल्याला कोणी दाखवत नाही.

आणखी एक गाठ आहे. या जागा पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. निवडून आलेले लोक आपापला गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवतात आणि त्या गटाच्या ताकदीवर वाटा ठरतो. अकरा-नऊ असेल तर एकेक. सगळेच एका पक्षाचे असतील तर दोन्ही त्यांचे. चौदा-सहा असेल तर अपूर्णांकावरून वाद, आणि तो वाद कधी कधी थेट हायकोर्टाच्या दारात. एकट्या अपक्षाला त्या आठवड्यात अचानक भाव का येतो, हे आता लक्षात आलं असेल.

संख्याबळाचा नियम वाईट हेतूनं केलेला नाही. तो नसता तर बहुमतवाल्यांनी सगळंच घेतलं असतं. पण त्याचा परिणाम असा झाला की जागा ज्ञानासाठी ठेवली आणि चावी पक्षाच्या खिशात दिली. पक्षाकडे चावी गेल्यावर पक्ष पक्षासारखाच वागणार. एका जागेचं वचन चौघांना दिलेलं असतं. मग सव्वा-सव्वा वर्षाचे हप्ते पडतात. एकानं राजीनामा द्यायचा, दुसऱ्यानं हार घालून बसायचं. सव्वा वर्षात माणसाला मागच्या सभेचं इतिवृत्त कुठे ठेवतात एवढंच कळतं हो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त अभियंते आहेत. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. जलवाहिनीचं अंदाजपत्रक समोर ठेवलं की ते चष्मा डोक्यावर सरकवतात आणि पहिल्यांदा खोदकामाची खोली पाहतात, मग रस्ता पूर्ववत करायचा खर्च कोणत्या रकान्यात धरलाय ते. आपण शेवटची रक्कम पाहतो, ते मधले रकाने पाहतात. एका निवडणुकीनंतर ते एका पुढाऱ्याकडे गेले. कोणत्या पक्षाचा, ते जाऊ द्या. म्हणाले, मला पगार नको, मान नको, पाण्याच्या विषयावर बसू द्या. पुढाऱ्यानं चहा पाजला, आदरानं बोलला आणि विचारलं, ‘सर, तुमच्या मांगं मतं किती हायेत?’

आता ज्या जागेला मतच नाही, त्या जागेसाठी मागे मतं किती हा प्रश्न! मला तो पुढारी खलनायक वाटत नाही. त्याच्या धंद्यात तोच प्रश्न बरोबर आहे. जागेच्या हिशेबानं तो प्रश्नच चुकीचा आहे, एवढंच.

हे फक्त धामणगावात घडतं असं समजू नका. विधान परिषदेतले बारा आठवा. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी राज्यपालनियुक्त जागा. नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारनं नावं पाठवली आणि ती यादी राज्यपालांकडे तशीच पडून राहिली. 2022 मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं ती परत घेतली. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांची नियुक्ती झाली, तीही विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर. एवढ्या वर्षांत साहित्य कोणाचं आणि विज्ञान कोणतं, यावर एक तरी चर्चा तुम्ही ऐकली? मला आठवत नाही. चर्चा फक्त कोणत्या पक्षाला किती, याची. मुंबईत जे मोठ्या ताटात वाढतात तेच आपल्याकडे वाटीत येतं.

पण आपल्या वाटीची किंमत या वेळी जास्त आहे. कारण सांगतो. 2016 च्या अखेरीस आपल्याकडे निवडणूक झाली होती. तिची पाच वर्षं भरली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न कोर्टात अडकला. घटनेचं 243-यू कलम म्हणतं की मुदत पाच वर्षं आणि पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी आदेश द्यावा लागला, त्यालाही पुढे मुदतवाढ झाली, आणि मतदान झालं ते डिसेंबर 2025 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं राज्यभर प्रशासक. सभागृह नाही, विषय समित्या नाहीत, प्रश्न विचारणारं कोणी नाही. कित्येक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारी सही आणि मंजूर करणारी सही एकाच पेनाची.

मी अधिकाऱ्यांवर आळ घेत नाही. मुख्याधिकारी राज्यसेवेची परीक्षा देऊन येतो, त्याची नेमणूक आणि बदली सरकार करतं. नगराध्यक्षाला तो आवडला नाही म्हणून काढता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. बरेच अधिकारी मनापासून काम करतात. पण चार वर्षांच्या फायली आता नव्या सभागृहासमोर आहेत. कोणत्या कामाची मुदत किती वेळा वाढली, कोणत्या योजनेची देखभाल कोणाकडे दिली, कराची आकारणी कशी झाली. नवीन निवडून आलेले बरेच जण पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले असणार. त्यांना वॉर्ड माहीत आहे, लेखाशीर्ष माहीत नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. मलाही पहिलं अंदाजपत्रक वाचायला आठ दिवस लागले होते. नेमक्या अशा वेळी हिशेब वाचणारा एक आणि बांधकाम समजणारा एक, असे दोघं शेजारी बसले तर? मत नसू द्या. ‘हा आकडा कुठून आला?’ एवढं सभेत विचारलं आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं, तरी पुढच्या वेळी आकडा जपून येतो.

आता आपण काय करायचं? लोक म्हणतात कायदा बदला. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. काही गोष्टींना कायदा बदलावाच लागत नाही. नगराध्यक्षांनी ठरवलं तर विशेष सभेच्या आठ दिवस आधी इच्छुकांची नावं आणि ते कोणत्या पात्रतेत बसतात हे नगरपरिषदेच्या फलकावर लावता येईल. ‘अमुक भाऊ, सामाजिक कार्यकर्ते’ असं नको. कोणती संस्था, नोंदणी कधीची, काम कुठे, असं हवं. कोणी अडवलेलं नाही. हा भाग नगरपरिषदेतलं कोणी ऐकत असेल तर एवढं कराच, ही विनंती.

नाही लावलं, तर माहिती अधिकार आहेच. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून निबंध लिहू नका. उत्तराला तीस दिवस. आणि उमेदवार संस्थेच्या दारानं आला असेल तर अमरावतीला धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे दोन गोष्टी पाहायच्या. एक, परिशिष्ट एकचा उतारा. त्यावर पदाधिकारी म्हणून नाव आहे का, आणि बदल अर्ज मंजूर कधी झाला? निवडणुकीच्या दोन महिने आधीचा असेल तर काय समजायचं ते समजा. दुसरं, संस्थेचे लेखापरीक्षण अहवाल. पाच वर्षांचं काम असेल तर पाच वर्षांचा खर्च दिसेल. बँकेचं वार्षिक शुल्क सोडून दुसरा खर्चच नसेल, तर समाजाचं कल्याण बँकेनंच केलं म्हणायचं.

हे करताना आवाज चढवू नका. गाव लहान आहे, उद्या त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसायचंय. कागद मागा, कागद वाचा, आणि बरोबर निघाला तर तसंही चार लोकांत सांगा. पात्र माणूस बसला असेल तर त्याचं नाव होऊ द्या ना.

अर्जात लिहायचा मजकूर हा असा. पेन घ्या, मी सावकाश सांगतो:

‘नगरपरिषदेत नामनिर्देशित सदस्य म्हणून नियुक्त झालेल्या व्यक्तींनी पात्रतेच्या पुराव्यादाखल सादर केलेल्या सर्व कागदपत्रांच्या, छाननीच्या टिपणीच्या आणि संबंधित विशेष सभेच्या इतिवृत्ताच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’

बस, एवढंच. उत्तर आलं की मला पाठवा. फोन नंबर आणि घरचे पत्ते तेवढे झाकून पाठवा. पुढच्या भागात मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक आणि बदली यावर बोलू, त्याचेही प्रश्न बरेच आलेत. नमस्कार.