वीणा ओरडत नाही

मायबाप हो, पौष वद्य एकादशी आली की नाशिकहून त्र्यंबकेश्वराची वाट दिंड्यांनी भरून जाते. टाळ, पखवाज, जयघोष! त्या गर्दीत एखादा वारकरी कडेनं मुकाट चालत असतो. त्याला आपण काय म्हणतो? घुमा. एकलकोंडा. माणूसघाणा.

एक अपराध कबूल करतो. काही वर्षांपूर्वी याच वाटेवर, मुक्कामाच्या कीर्तनात, समोर एक पोरगा बसलेला. टाळी नाही, हसणं नाही. मी नारदांच्या गादीवर उभा राहून म्हणालो, "काय रे, तोंडात मूग भरलेत का?" सगळा मंडप हसला. दुसऱ्या दिवशी तो पोरगा दिंडीत दिसला नाही. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

आता सांगा, आपण दर्शनाला जातो कुणाच्या? निवृत्तिनाथांच्या. परंपरा सांगते, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयानं पांगापांग झाली. बाळ निवृत्ती वाट चुकून गुहेत शिरले, तिथं गहिनीनाथ भेटले. उपदेश झाला तो गर्दीत नाही, गुहेत! पुढं शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. बोलले ज्ञानोबाराय, बोलवलं थोरल्या भावानं. नाव गाजलं धाकट्याचं. म्हणून थोरला उणा झाला का?

गीतेच्या 13व्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणं मोजतात. त्यात एकांताची आवड आहे आणि गर्दीत मन न रमणं हेही आहे. देव ज्याला लक्षण म्हणतो, त्याला आपण खोड म्हणायचं?

पण अबोल माउली, तुम्हालाही एक सांगणं आहे. एकांत म्हणजे माणसांचा तिटकारा नव्हे. निवृत्तिनाथ गुहेतच बसून राहिले नाहीत. मिळालेलं घेऊन ते भावंडांकडं परतले.

कीर्तनात पखवाज गर्जतो, टाळ खणखणतात. वीणेचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतही नाही. तरी वीणा कुणी खाली ठेवत नाही, आणि आपण पाया पडतो ते वीणेकऱ्याच्या.

घरी गेलात की गप्प लेकराला, अबोल सुनेला "बोल की" म्हणून टोचू नका. जवळ बसा. आणि तो पोरगा कुठं हे वाचत असेल तर, बाळा, माझं चुकलं. पुढच्या पौषात ये. टाळी नको वाजवूस. नुसता बस.

रामकृष्णहरि!