रानचा मेवा आणि आपले स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण ‘रानातल्या जिन्नसांवर तुम्हीच बोला’ असा सर्वांचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे. माझे माहेर रत्नागिरीकडचे, सासर पेणकडचे. दोन्हीकडच्या चुलीपाशी जे शिकले तेवढेच सांगते.

प्रथम रातांबा. चैत्र-वैशाखात फळ पिकते. ते फोडून बी काढावे, साले उन्हात वाळवावी, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवावी. असे चार-पाच वेळा केले की काळीभोर आमसुले होतात. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ. नारळाच्या दुधात घातला की सोलकढी तयार. बियासुद्धा टाकू नयेत. त्यांचे तेल थिजते, ते भेगाळलेल्या टाचांना लावतात.

दुसरे तिरफळ. याच्या झाडाला अंगभर काटे. फळ वाळून उकलले की आतले काळे बी टाकावे, टरफल ठेवावे. बांगड्याच्या आमटीत पाच-सात तिरफळे ठेचून घालावी. वाटणात बारीक वाटू नयेत. मासे न खाणाऱ्यांनी तुरीच्या आमटीत घालून पाहावीत.

तिसरे शेवळे. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाकर-कातकरी बाया ती बाजारात आणतात. शेवळे खाजरी असतात. म्हणून वरचे पान आणि आतला पिवळा भाग काढून टाकावा, चिरताना हाताला तेल लावावे. त्यांच्याबरोबर काकडाची हिरवी आंबट फळे मिळतात, ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालावा. काकड न मिळाल्यास चिंच घ्यावी, पण आंबटाशिवाय शेवळे शिजवू नयेत. घशाला खाज सुटते. वालाच्या डाळिंब्या किंवा कोलंबी घातली की भाजी फार रुचकर होते.

टाकळा मात्र अगदी कोवळा हवा. पाने जून झाली की भाजीत गोडी राहत नाही.

भगिनींनो, हे सांगण्याचे कारण निराळेच आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून आपण भाजी करतो. पण तिच्यातला पाला ओळखणाऱ्या आता घरोघरी किती? आपल्या सुना-मुली हुशार आहेत, शिकलेल्या आहेत. त्यांना कोणी दाखविलेच नाही, तर त्या ओळखणार कशा? आणि अर्धवट माहिती तर धोक्याची. शिजविले की सगळे विष जाते, हा समज खोटा आहे. ज्या पाल्याची खात्री नाही, तो घरात आणूच नये. जाणत्या बाईला विचारावे.

त्या जाणत्या बाया म्हणजे या भाजीवाल्याच. डोंगर तुडवून त्या भाजी आणतात, आणि आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो! ते सोडू या. त्या विकावयास येईनाशा झाल्या, तर त्यांच्याबरोबर ही ओळखही जाईल.

माझी एवढीच सूचना आहे. येत्या आषाढात मंडळाने अशा दोन बायांना मानाने बोलवावे, त्यांचा दिवस बुडेल त्याचे पैसे द्यावेत, आणि लेकी-सुनांना पाला हातात घेऊन शिकवावे. ज्यांना परसू आहे त्यांनी एक तरी रातांबा लावावा. फळाला काही वर्षे लागतील. आपण नाही तर नातवंडे खातील.