गुण मुलीचे, कागद आईचे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. डॉक्टरकीच्या प्रवेशाबद्दल ही काय बोलणार, असे तुम्हांस वाटेल. पण मी माझी चूक सांगण्यासाठीच उभी आहे.

‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तरास चार मिळतात, चुकल्यास एक कापतात. थोरलीने ते सारे पेलले. अडले ते माझ्या कपाटात! जातीचा दाखला होता, पण जातपडताळणी केलेली नव्हती. आम्हां इतर मागासवर्गीयांना त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मामंजींचा शाळेचा दाखला गावाहून येईतो मुदत टळली. राखीव जागा गेली आणि पोरीचे वर्षही गेले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तेच मला जास्त लागले.

दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. धाकटी अकरावीत जाताच मी कागदांसाठी पिशवी शिवली. अधिवास, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, सारे तीत. नॉन-क्रीमीलेअरवरची मुदतीची तारीख मी स्वतः वाचते.

भगिनींनो, अभ्यास मुलींनीच करावयाचा. पण कागद आपण सांभाळू शकतो. त्याला सातवी पुरते.