विशेष आर्थिक क्षेत्र आणि आपली जमीन



१६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्या जिल्ह्यात हरेगाव येथे परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार वतनदारांची परिषद भरली, ती वतनी जमिनीवरील वाढीव जुडीच्या प्रश्नावर. आज त्याच जमिनीवर कारखानदारीची दृष्टी आहे.

२००५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांना करांत मोठी सूट दिली. निर्यात वाढावी, रोजगार निघावा, हा हेतू. सुपे येथील औद्योगिक वसाहत अशा क्षेत्रात मोडत नाही. पण वाट तीच. जात न विचारता आपल्या मुलाला यंत्रावर उभा करणारा कारखाना मला पाटलाच्या वाड्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो. मात्र खाजगी कारखान्यात राखीव जागा नाहीत, आणि कंत्राटदाराच्या हजेरीपटावरून नाव केव्हा गळेल याचा नेम नाही.

तेथे कामगार कायदे चालत नाहीत, असे कोणी सांगेल. ते खोटे आहे. कामगार संघटना, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूतिलाभ यांविषयीच्या केंद्रीय कायद्यांना त्या क्षेत्रापुरते हात लावण्यास ४९ व्या कलमानेच मनाई केली आहे.

१९५८ च्या कायद्याने वतन गेले व जमीन नव्या शर्तीवर आपणांस मिळाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. दलालाच्या कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी सातबारा वाचून घ्या. ज्यांना गुंठाभरही जमीन नाही, त्यांनीही गप्प बसू नये. संपादनापूर्वी तीन वर्षे त्याच शिवारात राबून पोट भरणारे भूमिहीन कुटुंब २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधितच मानले आहे. मजुरीचा पुरावा आजपासून जपून ठेवा.