बंब येईपर्यंत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पिंजाऱ्याचा मुलगा. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापसाच्या घरात मुलाला अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट शिकवतात. विडी ओढणाऱ्याला दुकानाच्या ओट्यावर बसू द्यायचं नाही.

तरीही १९८१ च्या हिवाळ्यात एका रात्री आमचं दुकान पेटलं. त्याच वर्षी १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला होता. ‘आता सगळं जवळ आलं’ असं मोठी माणसं म्हणत होती. त्या रात्री मात्र आगीचा बंब साठेक किलोमीटरवरून यायचा होता. अडत्याच्या पेढीवरून कसाबसा फोन लागला. तोवर गल्लीतल्या लोकांनी विहिरीपासून दुकानापर्यंत रांग धरली. घागरी, बादल्या, हाती लागेल ते भांडं पुढे सरकत होतं.

बंब आला तेव्हा ज्वाळा विझल्या होत्या. लोक म्हणाले, आता काय उपयोग? पण बंबावरचा एक वयस्कर माणूस खाली उतरला. काळ्या पडलेल्या गठ्ठ्यांजवळ हात नेऊन तो अब्बांना म्हणाला, “चाचा, हे विझलेलं नाही. कापूस आतून जळतो.” मग पहाटेपर्यंत त्यांनी एकेक गठ्ठा उकलून भिजवला. शेजारची चार घरं वाचली, ती त्या पहाटेमुळे. पुढे अब्बा नेहमी म्हणायचे, “बेटा, दिसती सो आग छोटी, अंदर की बडी.”

अब्बांच्या या वाक्याचा अर्थ मला फार नंतर, इतिहास वाचताना कळला. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दलाच्या जवानांनी पाण्याचा मारा केला, पण आगीचं मूळ काही सापडेना. चारच्या सुमारास स्फोट झाला. दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. आम्ही कापूस पिकवणारी, पिंजणारी, जिनिंगला घालणारी माणसं. हा आठवडा आपलाही आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता आजचं पाहा. जालना शहर २०२३ साली महानगरपालिका झालं. शहराभोवती पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, जिनिंग आहेत. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही इथूनच धावतो. वसाहती गावाच्या वेशी ओलांडून शेतात गेल्या. वस्ती गेली, दुकानं गेली, मंगल कार्यालयं गेली. त्यांच्यामागून बंब गेला का, हा खरा प्रश्न आहे.

ग्रामीण भागात वीस मिनिटांत आणि शहरात पाच ते सात मिनिटांत मदत पोहोचावी, असा दंडक सांगितला जातो. साठ किलोमीटरवरून येणारी गाडी ताशी पन्नासच्या वेगानं धावली, तरी सव्वा तास लागतो. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं अग्निशमन हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. पण आपल्या जिल्ह्यात नऊशेहून जास्त खेडी आहेत आणि कडब्याची गंज काही नगरपालिकेची हद्द बघून पेटत नाही. म्हणून एकाच मोठ्या केंद्रापेक्षा वस्तीच्या कडेला लहान लहान केंद्रं हवीत. मुंबईसारख्या महानगरानंही मोठ्या केंद्रांच्या जोडीला छोटी केंद्रं काढली, ती याच हिशेबानं.

मध्यंतरी आमच्या गावाबाहेर नव्या वसाहतीजवळ असं एक केंद्र झालं. उद्घाटनाला कविता म्हणायला मला बोलावलं होतं. फीत कापली, नारळ फुटला, पेढे वाटले, माझी कविताही झाली. मंडप उतरवत होते तेव्हा मी गाडीवरच्या पोरांपाशी जाऊन बसलो.

“चाचा, गाडी दोन मिनिटांत निघंल,” एक जण म्हणाला, “पण तीन पाळ्यांना पुरतील एवढी माणसं पाह्यजेत.”

दुसरा पाण्याचं बोलला. साधारण साडेचार हजार लिटरची टाकी. पंप पूर्ण जोरात चालवला तर दोन-तीन मिनिटांत रिकामी. मग पुन्हा भरायची कुठं? ज्या जिल्ह्यानं २०१३ चा दुष्काळ टँकरवर काढला, तिथं या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, मला सुचेना. केंद्राशेजारी हौद, गावात ठिकठिकाणी भरलेली विहीर किंवा टाकी, हे इमारतीइतकंच गरजेचं आहे. पण त्यांची फीत कुणी कापत नाही.

तिसऱ्यानं सांगितलं, आग लागली की लोक आधी नगरसेवकाला फोन करतात, मग पाहुण्याला, मग आम्हाला. १०१ किंवा ११२ हे आकडे तोंडपाठ नसतात.

निघताना मी म्हटलं, गाडी एकदा आमच्या जुन्या गल्लीत आणून बघा. दुसऱ्या दिवशी पोरं खरंच आली. नवी कोरी लाल गाडी वळणावर आली आणि अडली. पुढे पत्र्याचं एक छप्पर आलं होतं, खाली ओटा. पोरांनी विचारलं, “हे दुकान कुणाचं?”

दुकान माझं होतं. अब्बांचंच, पुन्हा उभं केलेलं. सावलीसाठी छप्पर मीच पुढं काढलं होतं, ओटाही दोन हात वाढवला होता. १९८१ साली बंब उशिरा आला म्हणून मी आयुष्यभर कुरकुरलो, आणि आता तो वेळेवर आला तरी माझ्याच दारात थांबला असता.

त्या आठवड्यात मी छप्पर मागे घेतलं, ओटा तोडला. शेजाऱ्यांपैकी दोघांनी तोडला, बाकीचे ‘बघू’ म्हणतात. भिंतीवर केंद्राचा नंबर मोठ्या लाल अक्षरात रंगवून घेतला आहे. श्रोतेहो, तुमच्याही गावाकडे असं केंद्र होईल, व्हायलाच हवं. त्यासाठी भांडा. पण त्याआधी एकदा आपल्या गल्लीत उभे राहा आणि बघा, बंब आपल्या दारापर्यंत येईल का?