कधीं होतें, कधीं होत नाहीं



नेहमीं चुकणाऱ्या विद्यार्थ्याची मला कधीं धास्ती वाटली नाहीं. त्याची चूक लवकरच सांपडे. धास्ती वाटे ती कधीं बरोबर तर कधीं चूक उत्तर देणाऱ्याची. निवृत्तीनंतर संगणकाच्या एका डिस्कनें मला तसाच विद्यार्थी पुन्हां भेटविला.

आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिकांकांना वाळवी लागली. उरलीं तीं त्यांचीं छायाचित्रें. त्यांच्यासाठीं लिनक्स पद्धतीच्या संगणकावर, ‘पार्टेड’ या साधनानें, मी एका डिस्कचे विभाग पाडीत होतों. मापें जुळेपर्यंत विभाग पाडले, मोडले. तीन वेळां काम बिनबोभाट झालें. चौथ्या वेळीं उत्तर आलें: नवी विभागणी डिस्कवर लिहिली, परंतु कर्नलला कळवितां आली नाहीं, डिस्क बहुधा वापरांत असावी.

कर्नल हा संगणकाचा मुख्य कारभारी. एखादा विभाग कोणी उघडून बसला असेल, तर त्याची जुनी नोंद काढून टाकण्यास तो नकार देतो. पण मीं तर कांहींच उघडलें नव्हतें! उघडलें होतें ‘यूडेव्ह’ या सेवकानें. डिस्कवर कोणी लिहून हात काढला कीं, विभागांत काय आहे तें पाहण्यास तो धांवतो. त्याचें पाहणें क्षणाचें. तोच क्षण पार्टेडच्या विनंतीशीं जुळला कीं नकार, न जुळला कीं यश. ‘कधीं कधीं’चें रहस्य एवढेंच.

मी तसाच पुढें फॉर्मॅट करणार, तोंच एका माजी विद्यार्थ्यानें दूरध्वनीवर विचारलें, “गुरुजी, कर्नलला कोणतीं मापें दिसतात तें पाहिलेंत का?” ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन पाहिलें. छायाचित्रांच्या तिसऱ्या विभागाला जागा व्हावी म्हणून मीं दुसरा लहान केला होता. कर्नल मात्र तो जुन्याच मापाचा समजत होता. फॉर्मॅट केला असता, तर तिसऱ्याच्या जागेवर दुसऱ्याचें अतिक्रमण झालें असतें. फळ्यावर वेळापत्रक नवें आणि शिक्षकाच्या खिशांत जुनें, म्हणजे एका खोलींत दोन वर्ग!

तेव्हां असें करावें. प्रथम संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. संदेश शेवटपर्यंत वाचावा. कर्नलच्या नोंदींत वाचन-लेखनाच्या चुका दिसल्या, तर तारेचा किंवा डिस्कचाच संशय घ्यावा. ‘वापरांत आहे’ असें म्हटलें असेल, तर विभाग अनमाउंट करावे, स्वॅप बंद करावा, आणि दोन आज्ञांच्या मध्यें ‘यूडेव्हअ‍ॅडम सेटल’ ही आज्ञा द्यावी. सेवकाचीं हातांतलीं कामें संपेपर्यंत ती थांबते. दोन सेकंद थांबण्याचा अंदाजी उपाय मंद डिस्कवर अपुरा पडतो. जे स्वतः आज्ञावली लिहितात त्यांनीं डिस्कवर ‘फ्लॉक’चें कुलूप लावावें, तें असेपर्यंत यूडेव्ह दूर राहतो. एवढें करूनही नकार आला, तर संगणक पुन्हां सुरू करावा आणि मापें ताडून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

पुन्हां आज्ञा दिली आणि काम झालें, एवढ्यावरून दोष गेला असें मानूं नये. कारण सांपडलें नाहीं, तोंवर तो केवळ गैरहजर असतो.