आवाजाची ओळख आणि आवाजाचा पुरावा

(चाकूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



अंधारात दाराबाहेरून कोणी हाक मारली, तर घरातला माणूस चेहरा न पाहताच कोण आले ते सांगतो. स्वरतंतूंची लांबी व जाडी, घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्या यांमुळे आवाजाला त्याचा पोत लाभतो. शब्द कोठे ओढावा, कोठे थांबावे, वाक्यागणिक 'बघा' म्हणावे की 'समजलं का', हे ज्याच्या त्याच्या सवयीचे वळण असते.

मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. 'काय करायलास?' हे शब्द कानी पडताच बोलणारा मराठवाड्याचा आहे, हे पुण्याचा माणूसही ओळखील. आपल्या बोलीवर दखनी, कानडी व तेलुगू यांच्या सहवासाच्या छटा आहेत. त्यांवरून मुलूख कळतो. माणूस कळत नाही. हा भेद विसरल्यास दुसऱ्याच्या बोलण्याचा दोष निरपराध्याच्या माथी यावयाचा.

शास्त्रही येथे सावध आहे. १९६२ साली अमेरिकेतील लॉरेन्स केर्स्टा यांनी बोटांच्या ठशाप्रमाणे आवाजाचाही ठसा घेता येतो, असे मांडले. परंतु सर्दी, वय व राग यांनी आवाज पालटतो, बोटांचा ठसा पालटत नाही. १९७९ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही या पद्धतीबाबत सावधगिरीचा इशारा दिला.

ध्वनिफितीतील आवाज कोणाचा, हे रीतसर सिद्ध झाले पाहिजे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असा निर्णय २०१९ साली झाला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तशी तरतूद आहे.

आज तर संगणक थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही हुबेहूब आवाज घडवू शकतो. म्हणून मुलाच्या आवाजात 'तातडीने पैसे पाठवा' असा निरोप आला, तर फोन ठेवावा आणि आपल्याजवळील त्याच्या क्रमांकावर स्वतः विचारणा करावी. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. गावात कोणाच्या नावाने आक्षेपार्ह ध्वनिमुद्रण फिरू लागल्यास ते पुढे धाडू नये. मूळ प्रत जपून पोलिसांच्या स्वाधीन करावी.

कानाने ओळख पटवावी, निवाडा मात्र पडताळणीनंतरच करावा. ही शिस्त शाळेतून व ग्रामसभेतून रुजविणे आपल्याच हाती आहे.